पूर्वेकडचे दगड

मंगळवार, १२ डिसेंबर २०००

सकाळी दात घासायला ओट्यावर आलो तर प्लॉटच्या पूर्वेच्या कडेला एक माणूस उभा. पुढ्यात तीन पायांची तिपाई, तिच्यावर काळं यंत्र आणि त्याला डोळा लावून हा वाकलेला. नीट उजाडलंही नव्हतं. मी तोंडातला फेस तसाच ठेवून बघत राहिलो. ऊन वर आल्यावर त्याने तिपाई मिटली, खांद्याला अडकवली आणि उतार उतरून कात्रजच्या रस्त्याला गेला. मोटरसायकल खाली लावलेली होती.

भूमिअभिलेखात माझी सगळी नोकरी गेली. तिपाईवर यंत्र ठेवून वाकलेला माणूस काय करत असतो, हे मला कोणी सांगायला नको. मोजणी. सरकारी मोजणीदार आधी नोटीस काढतो, मग चहा पितो, मग ऊन तापल्यावर येतो. मीही तसाच जायचो. अंधारात येतो तो खाजगी, आणि त्याला कोणीतरी पाठवलेलं असतं.

जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतः घेतली ती गुंठेवारीतली, या डोंगरउतारावर. सरकारी नकाशात माझा तुकडा वेगळा दाखवलेलाच नाही. हद्द म्हणजे मी आणि बायकोने, कुसुमने, रोवलेले दगड. दरवर्षी पाऊस संपला की ती त्यांना चुना लावायची. ती गेल्यापासून मी लावतो. पूर्वेच्या ओळीला लागून, आतल्या बाजूला, तिने दीक्षाभूमीहून आणलेलं पिंपळाचं रोप लावलं होतं. ते आता माझ्या डोक्यावर गेलंय. खालचा सगळा उतार यंदा कोण्या बिल्डरने घेतला. म्हणजे पूर्वेची ओळ सरकली तर पहिला जाणार तो पिंपळ.

रविवार, १७ डिसेंबर

चैताली आली होती. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागल्यापासून पोरगी रविवारचीच दिसते. तिपाईवाल्याचं सांगितलं तर हसली. म्हणे, "बाबा, कॅमेरा असेल तो. सनराइजचे फोटो काढत असेल." आमच्या कंपनीतलेही जातात म्हणाली, सिंहगडावर, दिवे घाटात. झोपायचं सोडून.

मग नेहमीचं सुरू झालं. एकटे राहू नका, वारज्याला माझ्याकडे या, लिफ्ट आहे, वॉचमन आहे. मी म्हटलं, वॉचमन तर इथेही लागेल असं दिसतंय. ती गेल्यावर विचार करत बसलो. मी इथून हलावं अशी एवढी घाई हिला का? पोटची पोर आहे, वाईट चिंतणार नाही. पण हिचा तो साहेब कुठल्याशा बिल्डरचा मेव्हणा आहे असं तीच एकदा बोलली होती. लिहून ठेवतो, एवढंच.

बुधवार, २० डिसेंबर

आज गाठलाच. तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, डोळे लाल. नाव संपत. रात्रभर कंपनीत बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोललेलं टाइप करतो म्हणे, सुटला की झोपायच्या आधी इथे येतो. कशाला? सूर्योदयाचे फोटो काढायला.

मी विचारलं, "रोज तोच सूर्य?" तर म्हणाला, "काका, रोज वेगळा असतो." साठ वर्षं मी बघतोय, मला तर एकच दिसला. यंत्रातून बघा म्हणाला. मी बघितलं नाही. असल्या लोकांच्या वस्तूला डोळा लावला की आपण सामील झालो. त्याच्या बोलण्यात आपल्याकडची लकब वाटली, वर्ध्या-यवतमाळकडची. गाव मुद्दामच विचारलं नाही. गाववाला निघाला की माणूस ढिला पडतो, हे त्यालाही ठाऊक असणार.

माझ्या हद्दीतून फोटो काढायचे नाहीत असं बजावलं. तो "बरं" म्हणाला आणि दगडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. पलीकडची जागा बिल्डरची. तिथे उभं राहायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही, हे मी पाहून ठेवलं.

गुरुवार, २१ डिसेंबर

संध्याकाळी रंगराव आला, पेरू घेऊन. वरच्या अंगाला त्याचा प्लॉट. एसटीत ड्रायव्हर होता, इथल्याच वाडीचा. कुसुम गेल्यापासून माझ्या ओट्यावर रोज टेकणारा हा एकच माणूस. चहात साखर मात्र सरबतासारखी लागते त्याला.

सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फोटू? सायेब, सूर्य काय पळून चाललाय व्हय?" खूप दिवसांनी असा हसलो. मग गंभीर झाला. म्हणाला, तुमचा वहीम खरा हाय, दिसतंय त्यापेक्षा जास्त हाय. चैताली मला वेड्यात काढते, हा निदान ऐकून तरी घेतो.

बोलता बोलता त्याने विचारलं, दगड हलले तर परत जागेवर कसे लावणार? मी म्हटलं, अरे, माझं माप कासवखडकावरून आहे. खाली उतारावर तो पाठीसारखा काळा खडक आहे ना, त्याच्या टोकावरून टेप धरली की प्रत्येक दगडाचा आकडा माझ्या डोक्यात. कागदाची गरज नाही. तो बघतच राहिला. म्हणाला, शिकल्या माणसाचं डोकं ते डोकंच. मध्येच त्याच्या खिशात मोबाइल वाजला. पुतण्याने घेऊन दिलाय म्हणे. बोलायला पार पिंपळापर्यंत गेला, रेंज तिथेच येते.

रविवार, ७ जानेवारी २००१

तिपाईवाला सरकला. डिसेंबरात तो कोपऱ्यातल्या दगडापाशी असायचा. मग त्याच्या पुढच्या दगडापाशी दिसला. आणि आज त्याच्याही पुढच्या. एकेका दगडाला थांबत, ओळीने. याला फोटो म्हणतात? आम्ही याला हद्द घेणं म्हणतो. मी स्वतः शेकडो हद्दी अशाच घेतल्या आहेत, दगडाला दगड जोडत.

दुपारी कात्रजच्या चौकात गेलो होतो. तिथे नवं होर्डिंग लागलंय. आमचाच डोंगर, त्यावर पांढऱ्या इमारती आणि मागून उगवणारा भला मोठा लाल सूर्य. खाली लिहिलंय, सॉफ्टवेअरवाल्यांसाठी घरं. स्कीमचं नावच सनराइज. मी भर रस्त्यात थांबलो. मागून रिक्षावाल्याने आईवरून शिवी दिली, तीही नीट ऐकू आली नाही. सूर्य कोणी पुरवला, हे आता वेगळं सांगायला हवं का?

रविवार, १४ जानेवारी

चैतालीने तिळगूळ आणला. गोड बोलायच्या दिवशीच भांडण झालं. होर्डिंगचं सांगितलं तर म्हणाली, ते कॉम्प्युटरवर केलेलं चित्र आहे बाबा, त्यात कसले फोटो. मग म्हणाली की तो दगड बदलतोय कारण सूर्य सरकतोय, संक्रांत कशाची करतो आपण? मी म्हटलं, मला उत्तरायण शिकवू नको. सूर्य सरकतो तर यंत्र वळवावं, माझ्या दगडांपाशी काय ठेवलंय?

जाताना तिने सहज विचारलं, रंगरावकाकांचं स्लॅबचं काम जोरात चाललंय, त्यांना एकदम कसं जमलं? मला राग आला. गरिबाच्या घरावर स्लॅब पडला की शहरातल्यांच्या पोटात दुखतं. तसं स्पष्ट बोललो. चहा न पिता गेली.

सोमवार, २२ जानेवारी

रंगराव दुपारी धावत आला. त्याच्या पुतण्याला बातमी लागली आहे, बिल्डरचा खाजगी नकाशा होत आला, त्यात माझी पूर्वेची ओळ पिंपळाच्या आत दाखवणार. तिपाईवाल्याने सगळे दगड घेऊन झाले की संपलं. रंगराव म्हणाला, "दगडच नसलं तर तो काय मोजंल? तुमी तर कवाबी परत लावाल."

मी तासभर विचार केला. बरोबर होतं त्याचं. खुणा त्यांच्या हाती लागण्यापेक्षा माझ्या डोक्यात असलेल्या बऱ्या. पहार काढली. मी खणत गेलो, रंगराव उचलत गेला. पूर्वेची ओळ पूर्ण काढली, खड्डे बुजवले, वर माती पसरून पाणी मारलं. दगड घरामागे पोत्यांखाली ठेवले आहेत. त्यांचा जमिनीतला अर्धा भाग काळा आणि वरचा पांढरा. कुसुमचा हात फिरलेला चुना थरांमध्ये अजून आहे. कंबर धरलीय, पण मन शांत आहे.

मंगळवार, २३ जानेवारी

आज तो आला आणि तिपाई उघडायच्या आधीच चक्रावला. इकडे तिकडे बघितलं आणि सरळ माझ्या ओट्याकडे आला. "काका, दगड कुठे गेले?"

झालं. सूर्याचे फोटो काढणाऱ्याला दगडांशी काय करायचं होतं? रंगरावला मी आधीच बोलावून ठेवलं होतं. दोघांनी त्याला अडवलं. मी म्हटलं, यंत्र दे. तो म्हणाला, यंत्र नाही, कॅमेरा आहे, उसनवारी करून घेतलाय, हात लावू नका. मग रंगरावकडे वळून "काका, तुम्ही तर..." असं काहीतरी सुरू केलं त्याने. रंगराव एकदम अंगावर गेला, "मला काय इचारतो? सायेबांशी बोल." आमच्यात फूट पाडायचा डाव होता, तो तिथेच मोडला.

रंगराव माझ्या कानाशी म्हणाला, रोल काढायला लावा. मी तसं सांगितलं. संपतने कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि रोल ओढून काढला, लांबच लांब, उन्हात. माझ्या हातात दिला. "घ्या. पण काका, यातला एक फोटो चांगला आला असता," एवढंच म्हणाला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

रोल चुलीत टाकला. घाण वास सुटला.

शनिवार, १० फेब्रुवारी

तो येत नाही. मी मात्र त्याच वेळी उठतो आणि ओट्यावर येऊन बघतो. मोकळी कडा आणि मागे उजाडत जाणारं आभाळ. आज ढग होते, सगळे खालून तांबडे झाले होते. कोणीतरी फोटो काढायला हवा होता असा विचार आला आणि स्वतःचीच चीड आली.

रंगरावने हिरोहोंडा घेतली. मला मागे बसवून कात्रज डेअरीपर्यंत फिरवून आणलं. एवढ्या मायेने कोण विचारतं आजकाल?

मंगळवार, ६ मार्च

सकाळी जेसीबी आलं. उतार एवढा मोठा, कुठेही सुरुवात करता आली असती. ते थेट कासवखडकाकडे गेलं. मी पायात चप्पल न घालता धावलो. पोहोचेपर्यंत निम्मा फुटला होता. दुपारी तिथे नुसती खडी होती.

सुपरवायझर पोरगेला, गळ्यात मोबाइल. म्हणाला, खडक उडवून तिथून कंपाउंडची भिंत उचलायची आहे. मी म्हटलं, भिंत माझ्या हद्दीतून जाते, पिंपळ माझा आहे. त्याने अदबीने विचारलं, "आपल्या हद्दीचे दगड दाखवता का?"

हा प्रश्न मी नोकरीत किती शेतकऱ्यांना विचारला असेल. आणि त्यांनी बांधाकडे बोट दाखवून शपथा घेतल्या की मी टेप गुंडाळायचो. आज मी बोट दाखवत होतो आणि तो ऐकून घेत होता.

गुरुवार, ८ मार्च

पोत्यांखालचे दगड आणून अंदाजाने परत लावले. जिथून मापायचं तो खडक नाही, आकडे डोक्यात आहेत आणि त्यांना धरायला टोक नाही. सुपरवायझर येऊन बघून गेला. माती ओली आहे काका, म्हणाला, हे तर कालचे दगड.

मी रंगरावला बोलावलं. दगड काढताना तू होतास, सांग यांना ते कुठे होते. रंगराव माझ्याकडे न बघता म्हणाला, "दगड व्हते, सायेब. पर नेमके कुटं, आता ध्यानात न्हाई." वयाने विसरला असेल. घाबरलाही असेल, गरीब माणूस. चौकीवर गेलो तर म्हणाले, दिवाणी मामला आहे, पुरावा घेऊन कोर्टात जा.

चैतालीला फोन केला. रडलो, हे लिहायला हरकत नाही. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, फोटो. त्या माणसाच्या फोटोत दगड असतील."

एवढी साधी गोष्ट. खडक, पिंपळ आणि दगड एकाच चौकटीत असतील तर कोणीही मोजणीदार हद्द काढून देईल. मी स्वतः काढून दिली असती.

शनिवार, १७ मार्च

भिंत छातीएवढी झाली. पिंपळ पलीकडे आहे, शेंडा तेवढा दिसतो. चैताली आठवडाभर कंपनी सुटली की इकडे येऊन संपतला शोधत होती. शेवटी पायथ्याच्या टपरीवाल्या विमलाबाईंनी त्याचा पत्ता लावला. रोज सकाळी तिथेच चहा प्यायचा तो. उद्या येतो म्हणालाय. माझ्या दारात का यावं त्याने, कळत नाही.

रविवार, १८ मार्च

संपत आला. पाकिटातून फोटो काढून सतरंजीवर मांडले. चैताली आणि मी गुडघ्यावर बसून एकेक बघत होतो. नुसतं आभाळ, दिवे घाटाची रेघ, धुकं. काहींत एखादा दगड, तोही कडेला कापलेला. पिंपळ नाही, खडक नाही. मी विचारलं, ओळ कुठेच कशी नाही?

त्याने समजावून सांगितलं. त्याला एकच फोटो हवा होता. पांढऱ्या दगडांची ओळ उतारावर लांब जाते, तिच्या टोकाला काळा खडक, बाजूला पिंपळ आणि सूर्य नेमका त्या ओळीवर यायला हवा. डिसेंबरात तो फार उजवीकडे उगवायचा, म्हणून हा रोज थोडा सरकून नुसता बघायचा, ओळीवर रोल घालवायचा नाही. जमलं ते २२ जानेवारीला. सगळे दगड एकदम उजळले, म्हणाला. तो फोटो त्या रोलमध्ये होता.

चैतालीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी संपतची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या काका, पुढच्या हिवाळ्यात परत काढू. भिंतीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो ओशाळला.

चहा घेताना गाव विचारलं. हिंगणघाट. कुसुमच्या माहेरापासून जवळच. मग तो सहज म्हणाला, "ही जागा मला माहीतच नव्हती. खाली टपरीवर ते तुमचे शेजारी भेटले, ड्रायव्हरकाका. म्हणाले, वर पांढरे दगड आहेत, फोटो झकास येईल. मालक काही बोलत नाही, रोज जा. त्या दिवशी मी तेच सांगत होतो."

चैतालीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तिला आधीपासून कळत होतं. टपरी, रोज जा, दगड कसे लावणार, पहार, रोल, खडक. आता सगळं ओळीने लागतंय आणि मला ते लागायला नको आहे. पोटच्या पोरीचा संशय घेतला, या भल्या माणसाचा घेतला. रंगरावचा नाही घेतला, कारण तो माझ्या प्रत्येक संशयाला हो म्हणत होता.

सोमवार, १९ मार्च

चैतालीने वकील बघितलाय. बुधवारी जायचं आहे. कोर्टात रंगरावविरुद्धही मी उभं राहायचं आणि जे झालं ते सगळं सांगायचं, दगड मीच काढले हेसुद्धा. सांगेन.

ऊन आता भिंतीवरून उशिरा अंगणात येतं. सकाळभर ओटा गार असतो.

संध्याकाळी हिरोहोंडा थांबल्याचा आवाज आला. मी दार आतून लावून घेतलं आणि खुर्चीत बसलो. "सायेब, हाय का घरात?" त्याने नेहमीसारखी हाक मारली. मी श्वास धरून राहिलो. पुन्हा मारली. कडी वाजवली. खिडकीत पिशवी ठेवल्याचा आवाज आला, पेरूंचा वास आत आला. मग थोडा वेळ काहीच नाही. उभा असावा. मग गाडी सुरू झाली आणि वर गेली.

त्याला तोंडावर काय काय बोलायचं ते दिवसभर ठरवून ठेवलं होतं. एक शब्द निघाला नाही. आणि खरं लिहायचं तर, गाडीचा आवाज बंद झाल्यावर मला इतकं एकटं वाटलं की दार उघडून त्याला हाक मारावीशी वाटली. जमीन गेली ती गेली. या डोंगरावर संध्याकाळचं माझ्याकडे आता येणार कोण?